शिशाचं ओझं

आमच्या पुतण्याचं नारायणगावला बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, घरोघरचे इन्व्हर्टर आणि अलीकडे विजेवरच्या स्कूटरी हे त्याचं गिऱ्हाईक. मागच्या आषाढात एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. ‘‘चाचा, जरा दुकानावर या. एक गाडी आली आहे, तुम्ही बघितलीच पाहिजे.’’ मला गाड्यांतलं काही कळत नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे. बी. ए.ला मी इतिहास घेतला, पोटासाठी कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता. पण जुनी वस्तू दिसली की चाचाला बोलवायचं, अशी आमच्या घरात रीतच पडून गेली आहे.

जाऊन पाहतो तर दुकानासमोर एक लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी. वर कापडी टप. इंग्लंडची एमजीबी, १९६५ सालची. म्हणजे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी थोरली. मालक पुण्याचे, साठी उलटलेले, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या मामांनी परदेशातून परत येताना ही गाडी आणली होती, ती वारशाने यांच्याकडे आली. माळशेजचे धबधबे पाहायला म्हणून निघाले, नारायणगावला चहाला थांबले आणि गाडी पुन्हा सुरूच होईना.

पुतण्याने बॉनेट उघडलं तेव्हा त्याची जी गंमत झाली ती त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखी आहे. आत इंजिन होतं, कार्ब्युरेटर होते, बॅटरी मात्र नव्हती. मालक हसले. त्यांनी सीट पुढे सरकवली, मागचा गालिचा उचलला, एक झाकण काढलं. खाली दोन खोबणी आणि त्यांत दोन बॅटऱ्या. सहा-सहा व्होल्टच्या, एकीला दुसरी जोडून बारा व्होल्ट केलेले. आणखी एक उलटी गोष्ट म्हणजे आपण सगळे ज्या गाड्या पाहतो त्यांत बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. या गाडीत धन टोक अंगाला होतं. त्या काळच्या बऱ्याच इंग्रज गाड्या अशाच असत. पुतण्याने सवयीने तारा लावल्या असत्या तर मोठाच घोटाळा झाला असता.

दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढून आम्ही दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. काटा बावीस किलोच्या जवळ जाऊन थांबला. मालक म्हणाले, ‘‘मला हलकी बॅटरी हवी आहे. आता चार-पाच किलोचीसुद्धा मिळते म्हणे.’’

एवढंच निमित्त. पण त्या बावीस किलोंनी मला पुढचे दोन आठवडे झोप लागू दिली नाही, आणि त्याचंच आज मी तुमच्याशी बोलणार आहे.

बॅटरीचं वजन म्हणजे मुख्यतः शिशाचं वजन. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड. आमच्या जुन्नरचा आणि या धातूचा संबंध मोटारीच्या आधी सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहन राजांनी तांब्याची, पोटीनची आणि शिशाची नाणी पाडली. सोन्या-चांदीच्या नाण्यांची मिजास असणाऱ्यांना ‘शिशाचं नाणं’ ऐकून हसू येईल. पण बाजारातला रोजचा व्यवहार असल्याच नाण्यांवर चालतो. आंध्रच्या किनाऱ्याकडे सापडलेल्या सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आता हे शिसं येत होतं कुठून? प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानात तांबं नाही आणि शिसंही नाही, तिथले लोक मोती आणि रत्नं देऊन ते विकत घेतात. त्याच सुमारास एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य आहे, पोवळं आहे, तांबं आणि कथील आहे, आणि शिसंही आहे. प्लिनीचं म्हणणं पुरतं खरं नव्हे, राजस्थानातल्या खाणी त्याच्या कानावर गेल्या नसाव्यात. पण समुद्रापलीकडून शिसं येत होतं हे नक्की.

कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारा माल नाणेघाटाने चढायचा आणि जुन्नरला पोचायचा. घाटमाथ्यावर नागनिका राणीचा लेख आहे, शेजारी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून आम्ही तो लहानपणापासून पाहत आलो. त्या वाटेने जे शिसं चढलं असेल ते बैलाच्या आणि माणसाच्या पाठीवरूनच. पायथ्याच्या वैशाखऱ्यापासून वर यायला धडधाकट माणसाला रिकाम्या हाताने दोन-अडीच तास लागतात. मी चढलो आहे. पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती आणि तीही वाटेत संपवून हलकी केली.

नाण्यांनंतर शिशाची आणखी एक ओळख मला झाली ती कवी म्हणून. माझी पहिली कविता छापली गेली तेव्हा छापखान्यात खिळे जुळवत असत. जुळाऱ्याने माझं नाव उलट्या अक्षरांत जुळवून माझ्या तळहातावर ठेवलं होतं. इवलंसं नाव, पण केवढं जड! पुढे वाचनात आलं की छपाईचे खिळे आणि बॅटरीच्या प्लेटांची जाळी या दोन्हींसाठी शिशात अँटिमनी नावाचा एकच धातू मिसळत असत. निव्वळ शिसं फार मऊ, त्याला कणखरपणा यावा म्हणून. म्हणजे अब्बांच्या दुकानात आणि त्या छापखान्यात एकच माल होता, फक्त साचे वेगळे.

अब्बांचं दुकान जुन्नरच्या पेठेत होतं. ‘बॅटरी चार्जिंग व रिपेअरिंग’ एवढीच पाटी. ते या धंद्यात शिरले ते मोटारींमुळे नव्हे, रेडिओमुळे. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी ‘रेडिओ ग्रामीण मंडळां’चा प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत लोक रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. युनेस्कोने त्याची दखल घेतली आणि पुढे देशभर त्याचं अनुकरण झालं. या प्रयोगाचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. पण ज्या गावात वीज नव्हती तिथला रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी कुणीतरी तालुक्याला नेऊन भरून आणायची असायची, हे सहसा कुणी लिहीत नाही. अब्बा तेव्हा पोरगेलेसे होते, एका दुकानात हाताखाली. एसटीच्या टपावरून आलेल्या बॅटऱ्या उतरवायच्या आणि भरलेल्या पुन्हा टपावर चढवायच्या, हे त्यांचं पहिलं काम. तेव्हा श्रोतेहो, आज तुम्ही मला ज्या यंत्रातून ऐकता आहात त्याचं ओझं आमच्या घराने थोडंफार वाहिलेलं आहे.

त्या काळची बॅटरी आजच्यासारखी बंद डबा नव्हती. काळ्या कडक रबराची पेटी, वरून डांबराने लिंपलेली, एका घराचं दुसऱ्या घराशी नातं जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्यावर. एखादं घर मेलं की डांबर तापवून पेटी उघडायची, प्लेटा बाहेर काढायच्या, नव्या घालायच्या, पुन्हा लिंपायचं. १९६९मध्ये चिंचवडला एक्साइडच्या बॅटऱ्यांचा कारखाना निघाला तरी आमच्या भागात नव्या बॅटरीपेक्षा दुरुस्तच जास्त व्हायची. अब्बा काचेच्या नळीने पाणी ओढून तरंग पाहायचे आणि म्हणायचे, ‘‘बाराशे पन्नास, पोट भरलं.’’ म्हणजे आतलं तेजाब पाण्याच्या सव्वापट जड झालं, बॅटरी भरली. थंड देशांत याहून दाट तेजाब वापरतात. आपल्या उष्ण हवेत ते थोडं पातळच ठेवलेलं बरं, नाहीतर प्लेटा लवकर खातं. अब्बांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटाजवळ भोकं असत. अम्मी ठिगळ लावायची आणि ठिगळालाही भोक पडायचं.

गिऱ्हाईक काय एकेक! लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्यांच्या बॅटऱ्या, जीपच्या, चैत्रात यात्रा सुरू झाल्या की तमाशाच्या फडांच्या मालमोटारींच्या. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडल्या की अब्बांना रात्री झोप नसे. आणि १९८७मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हाची गोष्ट तर विसरता येत नाही. भीमाशंकरकडच्या, आदिवासी पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांवर वीज नव्हती, जिथे होती तिथे भरवसा नव्हता. लोक जीपच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लहान टीव्ही लावत. शनिवारी दुपारपासून दुकानापुढे बॅटऱ्यांची रांग. अब्बांचा हुकूम असायचा, ‘‘आज रात्री एकही उपाशी झोपता कामा नये.’’ मी आणि थोरला भाऊ रात्रभर चिमटे बदलत बसायचो. पहाटे बुडबुड्यांचा आवाज आणि नाकात तेजाबाचा वास, अशा थाटात आमचा रविवार उजाडायचा.

हे सगळं कौतुकाने सांगतो आहे खरा, पण या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल.

मेलेल्या बॅटरीतल्या प्लेटांचं काय करायचं? मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अब्बांचे धाकटे भाऊ घरामागच्या परड्यात त्या प्लेटा लोखंडी कढईत वितळवायचे. वर राखेसारखा मळ यायचा, तो झाऱ्याने बाजूला काढला की खाली चांदीसारखं लखलखीत शिसं. इतकी सुंदर वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. ते मातीच्या साच्यात ओतून जाळ्याच्या गोळ्या करायच्या, नदीवर जाळं टाकणारे भोई त्या विकत नेत. भाता मी मारायचो. चाचांचा मुलगा तेव्हा दोन-तीन वर्षांचा होता, तिथेच मातीत खेळायचा. ती राख वाऱ्याने उडायची, त्याच्या हातातोंडाला लागायची. त्या वर्षी तो पोट धरून रडायचा, अंगाने फिका पडला. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मोठा झाला तो उशिरा बोलला, शाळेत तिसरीच्या पुढे गेला नाही. कुणी त्याचं रक्त तपासलं नाही, त्यामुळे कारण मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण शिशाची बाधा लहान मुलाच्या मेंदूला होते, पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, हे मी पुढे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. युनिसेफच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता करावी इतकं शिसं आहे, आणि त्याच्या मोठ्या कारणांत घरामागे, उघड्यावर वितळवलेल्या बॅटऱ्या आहेत. चाचांना हे कोण सांगणार होतं? त्यांना वाटलं, टाकाऊतून चार पैसे होतात. आमच्या घरातही ते कुणाला वाईट वाटलं नाही. भाता मारल्याबद्दल मला पाच पैसे मिळायचे, ते मी आनंदाने घ्यायचो.

म्हणून मालकांनी ‘हलकी बॅटरी’ म्हटलं तेव्हा माझं मन लगेच त्यांच्या बाजूला झुकलं. शिसं नसलेली बॅटरी! जाऊ द्या एकदाचं ते ओझं.

पण पुतण्या तसा भावनेवर चालणारा नाही. त्याने विचारलं, ‘‘साहेब, हलकी कशासाठी? गाडी पळण्यासाठी का?’’

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडची स्पोर्ट्‌स कार म्हणजे शर्यतीचा गाडा. जुन्नर-आंबेगावात घाटात सेकंदावर बारी मोजली जाते, पुढे घोडी, मागे बैल. त्या गाड्याला ओझं वाहायच्या गाडीसारखी जाडजूड लाकडं कुणी लावत नाही. चालेल तिथपर्यंत वजन उतरवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४पासून काही वर्षं गाडे घरात उभे होते, डिसेंबर २०२१ला वाट मोकळी झाली आणि पुन्हा घाट गजबजले. त्यामुळे हलकेपणाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. दुसरं उदाहरण खोडदचं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर, अशा तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता तारेच्या जाळीच्या केल्या, जाळी दोरांनी ताणून बसवली. वारा आरपार जातो, म्हणून खालचा सांगाडाही हलका चालतो आणि खर्च वाचतो. एका ठिकाणचं वजन कमी केलं की त्याला पेलणाऱ्या दहा वस्तूंचं वजन कमी होतं, ही त्यातली खुबी.

मोटारीतही हेच. पण वजन किती याच्याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. एमजीबीच्या कर्त्यांनी बॅटऱ्या सीटच्या मागे, खाली, दोन्ही आसांच्या मध्ये ठेवल्या त्या काही वेडेपणाने नव्हे. इंजिनचं वजन पुढे, तर हे मागे आणि जमिनीलगत. वळणावर गाडी नीट बसावी म्हणून. नऊशे किलोंच्या वरच्या गाडीतून, त्याही जागेवरून, पंधरा किलो काढून रस्त्यावर फरक काय पडणार? शेजारी बसणारा माणूस एक वेळ जेवला नाही तरी किलोभर वाचेल.

आणि गंमत अशी की वेगाचा पहिला मोठा विक्रम शिशानेच केलेला आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून, पातळ तेजाबात बुडवून, पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८८१मध्ये पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा ती कारखान्यात होऊ लागली. १८९९च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ कामी जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५ किलोमीटरच्या वर गाडी पळवली. ताशी शंभर ओलांडणारी जगातली ती पहिली मोटार, आणि ती विजेवरची होती, शिशाच्या बॅटऱ्यांनी भरलेली! पुढे पेट्रोलने बाजी मारली, तरी बॅटरीची गरज संपली नाही. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्याचा काळ मागे पडला. आमच्या भागात तो काळ जरा उशिरापर्यंत रेंगाळला. जुन्या जीपचं हँडल उलटं बसून अंगठा निखळलेली दोन माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

मालकांनी पुतण्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. ‘‘गाडीसाठी नाही हो. माझ्या पाठीसाठी.’’ त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी पावसाळ्यात आणि एरवीही महिना-महिना उभी असते, बॅटरी उतरते, मग सीटमागच्या त्या खड्ड्यात वाकून दोन धोंडे उचलायचे, घरात नेऊन भरायचे, परत ठेवायचे. डॉक्टरांनी पाच किलोंच्या वर काही उचलायला मनाई केली आहे. ‘‘एक दिवस ही गाडी विकावी लागेल ती इंजिनामुळे नाही, बॅटरीमुळे,’’ असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज जरासा बसला होता.

आता हलक्या बॅटरीचं शास्त्र. लिथियम हा सगळ्यात हलका धातू, पाण्याच्या निम्म्या वजनाचा. सोनी कंपनीने १९९१मध्ये लिथियमची बॅटरी बाजारात आणली ती कॅमेऱ्यांसाठी. ती पेट घेऊ शकते अशी भीती होती. १९९७मध्ये अमेरिकेत टेक्ससला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून लोह आणि फॉस्फेट वापरलेल्या नव्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते स्वस्त आणि तापल्यावर लवकर न बिथरणारं. त्या निबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. २०१९मध्ये लिथियमच्या कामाबद्दल गुडइनफ यांना रसायनाचं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. सोबत व्हिटिंगहॅम आणि योशिनो. २०१०मध्ये पोर्शेने आपल्या काही वेगवान गाड्यांना जादा पैसे घेऊन अशी लोह-फॉस्फेटची स्टार्टर बॅटरी देऊ केली. वजन सहा किलोंहून कमी, नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त बचत. पण त्यांनी सोबत शिशाची बॅटरीही दिली, कडाक्याच्या थंडीत हलकी बॅटरी काम नीट करत नाही म्हणून. एवढा मोठा कारखाना आणि हलकेपणाबरोबर ओझंही हातात देतो, याची मला मौज वाटली.

माळशेजला बर्फ पडत नाही, तेव्हा थंडीचा प्रश्न नाही. मग अडचण काय? पुतण्याने दुरुस्तीनंतर इंजिन चालू ठेवून मीटर लावला आणि मालकांना दाखवला. काटा पंधरा व्होल्टच्याही वर जाऊन नाचत होता. या गाडीत आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे, जास्तीत जास्त बावीस अँपिअर देणारा. त्याला आवरणारी पेटीही जुनी, लोहचुंबकाने उघडमिट होणाऱ्या टोकांची. शिशाची बॅटरी अशा लहरीपणाला सरावलेली असते. जास्त झालं तर थोडं पाणी उडवते आणि गप्प राहते. लोह-फॉस्फेटला साडेचौदा-पावणेपंधराच्या वर सोसत नाही, तिच्या पोटातलं राखणदार सर्किट ताबडतोब दार बंद करतं. शिवाय ती उतरलेली असली तर भुकेल्यासारखी देईल तेवढा करंट ओढते, डायनॅमो तापून जळायची भीती. धन-ऋण उलटं असण्याचं तिला काही देणंघेणं नाही, तारा तेवढ्या बरोबर लागल्या पाहिजेत. म्हणजे हलकी बॅटरी लावायची तर आधी ती पेटी नीट जुळवून घ्यायची, किंवा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा. पैसे शिशाच्या कितीतरी पट.

मी तरीही लिथियमचीच भलामण करत होतो. मालक म्हणाले, ‘‘तुम्हाला शिशाचा एवढा राग का?’’ मी काही बोललो नाही. चहा घेऊन आलेल्या माझ्या चुलतभावाकडे पुतण्याने एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे. तो याच दुकानात असतो आता; शटर उघडतो, झाडलोट करतो, जड सामान हलवतो. पन्नाशीला आला आहे, अंगात ताकद भरपूर. चहाचे पैसे मोजायचे असले की मात्र दुसऱ्याला बोलावतो.

मग पुतण्या हळू आवाजात म्हणाला, ‘‘चाचा, शिसं वाईट नाही, ते उघड्यावर वितळवणं वाईट. जुनी बॅटरी मी परत घेतो, वजनावर पैसे देतो, परवानगी असलेल्या कारखान्याला पाठवतो. तिथून तेच शिसं नव्या बॅटरीत येतं. ही लिथियमची मेली तर आज मी ती कुणाला देऊ? मला कुणी एक रुपया देत नाही तिचा. मग ती उकिरड्यावरच जाणार ना?’’ जुनी बॅटरी दुकानदाराने परत घ्यायची हा नियम २००१पासून आहे. ऑगस्ट २०२२च्या नव्या नियमांनी लिथियमसकट सगळ्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. कागदावर ते आलं आहे, नारायणगावच्या गाळ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. माझ्या रागाला त्याच्या हिशेबाने उत्तर मिळालं होतं आणि ते मला मान्य करावं लागलं. आवडलं मात्र नाही.

त्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या तात्पुरत्या भरून गाडी पुण्याला परत गेली. दोन आठवड्यांनी मालक पुन्हा आले. ठरलं ते असं. दोनऐवजी एकच, बारा व्होल्टची, बंद पेटीची बॅटरी. शिशाचीच, पण आतलं तेजाब काचेच्या लोकरीच्या थरांत शोषलेलं. पाणी घालायला नको, सांडायची भीती नाही. अशी बॅटरी आमच्या अब्बांच्या हयातीतच निघाली होती, त्यांच्यापर्यंत ती आली नाही एवढंच. अठराशे सीसीच्या इंजिनाला पस्तीस अँपिअर-तासांची पुरते. वजन साडेदहा किलो, म्हणजे निम्म्यावर आलं. दुसरी खोबण रिकामी, तिथे मालक पान्हे ठेवणार. सोबत एक स्विच, गाडी उभी करताना फिरवला की बॅटरी तुटते, चोरवाटेने वीज झिरपत नाही. आणि खरी युक्ती पुढची. पुतण्याने बॅटरीला एक तार कायमची जोडून तिचं टोक सीटखाली आणून ठेवलं. घरी गेल्यावर चार्जरची पिन त्या टोकात खोचायची, बस. बॅटरी उचलायचीच नाही, वाकायचंच नाही. जी वस्तू उचलायची नाही तिचं वजन किती याला फारसा अर्थ उरत नाही. डायनॅमोची पेटीही त्याने जुळवून सव्वाचौदावर आणली होती. मालक तिथल्या तिथे चार वेळा स्टार्टर मारून पाहत होते, लहान मुलासारखे.

जुन्या दोन बॅटऱ्या चुलतभावाने दोन हातांत दोन अशा उचलल्या आणि कोपऱ्यातल्या लाकडी फळीवर नेऊन ठेवल्या. पुतण्याने वहीत वजन लिहिलं, मालकांची सही घेतली. पुतण्याची लहान मुलगी दुकानात आली होती, ती फळीकडे निघाली तशी तिला उचलून त्याने बाहेर नेलं.

दुकानाच्या दारात नळ आहे. बॅटरीला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि वीस मोजेपर्यंत चोळायचे, असा पुतण्याचा सगळ्यांना नियम. चुलतभाऊ नळाखाली उभा राहून मोठ्याने आकडे म्हणत होता. सतरापाशी अडखळला, जरा थांबला, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.